घटस्फोटाचा हुकूमनामा परदेशात सादर करताना: अपोस्टिल आणि त्याआधीची कामे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने परस्परसंमतीने आपला घटस्फोट मंजूर केला. आता आपण नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे नोकरी करता, आणि तेथील नगरपालिकेने आपल्या वैवाहिक स्थितीची नोंद करण्यासाठी घटस्फोटाचा कायदेशीररीत्या साक्षांकित दस्तऐवज मागितला आहे. आपल्याजवळ निकालाची केवळ झेरॉक्स प्रत आहे. यावर कोणता शिक्का घ्यावा लागेल, पूर्वपतीची सही किंवा संमती लागेल का, आणि आपल्याला भारतात न येता पुण्यातील वडिलांमार्फत हे काम करून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि असे दस्त परदेशी पाठवण्याचे काम माझ्याकडे नियमित येते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तिन्ही प्रश्नांची थेट उत्तरे आधी देते. नेदरलँड्ससाठी आपल्याला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे दस्तऐवजावरील सही-शिक्का खरा असल्याचे प्रमाणपत्र, लागेल. पूर्वपतीची सही, संमती किंवा उपस्थिती कोणत्याही टप्प्यावर लागत नाही, कारण हुकूमनामा (डिक्री) हा न्यायालयाचा दस्तऐवज आहे आणि त्याची प्रत मिळण्याचा प्रत्येक पक्षकाराला स्वतंत्र हक्क आहे. वडिलांमार्फत हे काम निश्चितपणे होऊ शकते. मात्र आपल्याजवळची झेरॉक्स प्रत या कामाला उपयोगाची नाही, आणि खरे कष्ट तेथूनच सुरू होतात. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी शिक्क्याच्या नसतात. ज्या कागदावर शिक्का घ्यायचा तो कागदच अपुरा किंवा सदोष असतो.

अपोस्टिल म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले तर पुढचा क्रम आपोआप उलगडतो. एका देशाचा सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या देशात चालावा यासाठी पूर्वी शिक्क्यांची लांबलचक साखळी लागत असे आणि तिच्या शेवटी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का असे. ही साखळी कमी करण्यासाठी 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात नंतर सामील झाला आणि भारतापुरता तो 14 जुलै 2005 पासून अमलात आला. करारातील दोन देशांमध्ये दूतावासाचे साक्षांकन लागत नाही. ज्या देशाने दस्तऐवज दिला त्या देशाच्या सक्षम अधिकाऱ्याचे अपोस्टिल पुरते. भारतात हा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाचा आहे. आपण नेदरलँड्समध्ये आहात म्हणून तेथील नोटरीकडून किंवा भारतीय दूतावासाकडून अपोस्टिल मिळेल, असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही. परदेशातील नोटरीने आपल्या हुकूमनाम्याची प्रत साक्षांकित केली आणि त्यावर त्या देशाचे अपोस्टिल लागले, तर त्यातून फक्त त्या नोटरीची सही खरी ठरते. पुण्याच्या न्यायालयाच्या सहीबद्दल त्यात एक अक्षरही नसते.

यातच दुसरी महत्त्वाची गोष्ट येते. अपोस्टिल दस्तऐवजावरील सही, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का यांचीच खातरजमा करते. घटस्फोट योग्य होता का, तो अंतिम आहे का, तो त्या देशाच्या कायद्याला मान्य आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर ती देत नाही. त्यामुळे नगरपालिकेतील अधिकाऱ्याचे समाधान कागदातील मजकुरानेच करावे लागते, आणि तो मजकूर न्यायालयातून नीट बाहेर आणणे हे आपले पहिले काम आहे.

न्यायालयात यासाठी नक्कल विभागाकडे अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत घ्यावी लागते. सार्वजनिक दस्तऐवजाची अशी प्रत मिळण्याची तरतूद पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 76 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 75 मध्ये आहे. याखेरीज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23(4) प्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाने दोन्ही पक्षकारांना त्याची प्रत विनामूल्य द्यायची असते. ती प्रत कित्येकदा वकिलांच्या फाइलमध्ये राहून जाते आणि पक्षकाराला तिची कल्पनाही नसते. म्हणून नवा अर्ज करण्याआधी आपल्या वकिलांकडे एकदा अवश्य विचारा. न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला निकाल मात्र माहितीपुरताच असतो. छापून त्यावर नोटरीचा शिक्का मारला तरी ती प्रमाणित प्रत होत नाही.

अर्ज करताना काय मागायचे, याबाबत मी फार आग्रही आहे. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. न्यायनिर्णयात न्यायाधीशांनी कारणे दिलेली असतात, तर हुकूमनाम्यात निकालाचा औपचारिक मजकूर, पक्षकारांची नावे, विवाहाचा दिनांक आणि विवाह कोणत्या दिवशी संपुष्टात आला ते असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 6-अ प्रमाणे निकालानंतर 15 दिवसांत हुकूमनामा तयार करण्याचा प्रयत्न व्हायचा असतो, परंतु प्रत्यक्षात तो मागाहून तयार होतो आणि घाईने अर्ज करणाऱ्याच्या हाती केवळ न्यायनिर्णय पडतो. परदेशी कार्यालयाला बहुधा हुकूमनामा हवा असतो. दोन्हींच्या प्रती मागवा.

परस्परसंमतीच्या प्रकरणात तिसरा कागदही लागतो, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. अशा प्रकरणांत पोटगी, दागिने, घर आणि मुलांचा ताबा यांबद्दलच्या संमतीच्या अटी न्यायालयात दाखल केलेल्या असतात व त्यांना निशाणी क्रमांक, म्हणजे प्रकरणातील कागद ओळखण्याचा क्रमांक, दिलेला असतो. हुकूमनाम्यात अनेकदा एवढेच लिहिलेले असते की अमुक निशाणीवरील अटी या हुकूमनाम्याचा भाग समजाव्यात. ती निशाणी सोबत नसेल तर परदेशातील अधिकाऱ्यासमोर अर्धाच दस्तऐवज जातो. अपत्य असल्यास हे फारच महत्त्वाचे ठरते, कारण मूल कोणाकडे राहील आणि परदेशी नेण्यास दुसऱ्या पालकाची संमती आहे का, हे त्या अटींमध्येच असते. आर्थिक तपशील नगरपालिकेपुढे उघड करायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. अपत्य नसेल तर केवळ हुकूमनामा पुरेल का, असे त्या अधिकाऱ्याला ईमेलवर लेखी विचारून घ्या. परंतु प्रमाणित दस्तातील पाने आपल्या मनाने काढून पाठवू नका.

प्रती हाती आल्या की त्या पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे याचिकेत विवाहापूर्वीचे आणि नंतरचे नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिले जाते; वडिलांचे नाव कधी मधले नाव म्हणून येते, कधी गळते; आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडे तिकडे होते. भारतात अशा गोष्टी समजून घेतल्या जातात. परदेशी नोंदणी कार्यालयात पासपोर्टवरील व्यक्ती आणि हुकूमनाम्यातील व्यक्ती एकच आहे हे कागदावरूनच दिसावे लागते. जन्मतारीख, विवाहाचा दिनांक किंवा नावातील लेखनदोष असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि तो अपोस्टिल घेण्याआधीच करावा. दोष न्यायालयाचा नसून दोन्ही नावे खरोखरच आपलीच असतील, जसे माहेरचे आणि सासरचे, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. नेदरलँड्समध्ये घटस्फोटाआधी विवाहाची नोंद पाहण्याची शक्यता असते, त्यामुळे विवाह प्रमाणपत्राचेही अपोस्टिल याच फेरीत करून घेणे शहाणपणाचे.

आता ज्या मुद्द्यावर सर्वाधिक पत्रव्यवहार होतो त्याकडे येते: घटस्फोट अंतिम झाल्याचा पुरावा. इंग्लंडसारख्या काही देशांत घटस्फोट दोन टप्प्यांत होत असे व आजही दोन टप्प्यांचे आदेश असतात, म्हणून तेथील कार्यालये शेवटच्या टप्प्याचे प्रमाणपत्र मागतात. नेदरलँड्सही घटस्फोट आता फिरवता येणार नाही, याचा पुरावा मागते. हिंदू विवाह कायद्याखाली हुकूमनामा एकच असतो आणि अंतिमतेचे वेगळे प्रमाणपत्र आपोआप निघत नाही. मग परदेशी अधिकाऱ्याला दाखवायचे काय?

आपल्या बाबतीत उत्तर सोपे आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 19(2) प्रमाणे पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खालील (परस्परसंमतीचा) आपला घटस्फोट त्याच दिवशी अंतिम झाला. तरीही हे कायद्याचे वाक्य परदेशी अधिकाऱ्याने स्वतः शोधून काढावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. मी अशा वेळी न्यायालयाच्या प्रबंधकांकडे (रजिस्ट्रारकडे) अर्ज करून, हुकूमनामा संमतीने झालेला आहे व त्यात पुढील कोणतीही कार्यवाही प्रलंबित नाही, असे प्रमाणपत्र मिळते का हे पाहते. ते मिळाले तर त्याहून उत्तम काही नाही. न मिळाल्यास वकिलाने स्वतःच्या लेटरहेडवर कलमांचा उल्लेख करून इंग्रजीत अभिप्राय द्यावा, तो नोटरीपुढे साक्षांकित करावा आणि त्याचेही अपोस्टिल घ्यावे. हा अभिप्राय जेमतेम एका पानाचा असावा.

वादग्रस्त घटस्फोटाची गोष्ट वेगळी आहे. तेथे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 प्रमाणे अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्यात 30 दिवस लिहिलेले असल्यामुळे दीर्घकाळ संभ्रम होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशा अपिलांना 90 दिवसांची मुदत लागू असल्याचा निर्णय दिला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 15 प्रमाणे पुनर्विवाहही ही मुदत संपल्यावर आणि अपील नसेल किंवा फेटाळले गेले असेल तरच करता येतो. म्हणून एकतर्फी किंवा वादग्रस्त हुकूमनामा असलेल्यांनी मुदत संपण्यापूर्वी अपोस्टिलसाठी धावपळ करू नये आणि मुदत संपल्यावर उच्च न्यायालयात अपील दाखल नसल्याची खातरजमा लेखी स्वरूपात ठेवावी.

एवढी तयारी झाल्यावर साक्षांकनाचे टप्पे फार अवघड नाहीत. परराष्ट्र मंत्रालय न्यायालयाच्या सहीवर थेट अपोस्टिल देत नाही. वैयक्तिक दस्तऐवजावर आधी ज्या राज्यात तो झाला त्या राज्याच्या गृह विभागाने किंवा सामान्य प्रशासन विभागाने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. महाराष्ट्रातील दस्तांसाठी हे काम मुंबईत राज्य शासनाच्या मंत्रालयातून होते. त्यानंतर दस्त परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. हे काम पूर्वी दिल्लीत एकवटलेले होते. 2019 पासून मुंबईसह इतर काही शहरांतील कार्यालयांतही ते होते. परराष्ट्र मंत्रालय नागरिकांकडून थेट कागद घेत नाही, तर त्याने नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत घेते, ज्यांची नावे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. अपोस्टिलचे सरकारी शुल्क दर दस्तऐवजाला 50 रुपये आहे आणि सेवा संस्थेचे शुल्क त्याहून वेगळे. कुणी हजारो रुपयांचा आकडा सांगितला तर त्यातील शुल्क किती आणि मेहनताना किती, हे लेखी विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दलालांकडे काम सोपवताना दोन गोष्टींची शहानिशा करा. पहिली म्हणजे, अपोस्टिल न्यायालयाच्या मूळ प्रमाणित प्रतीवर लागणार आहे की तिच्या नोटरी केलेल्या झेरॉक्सवर. झेरॉक्सवर काम लवकर होते म्हणून तसे केले जाते, पण परदेशी कार्यालय तो दस्त न्यायालयाचा मानीलच असे नाही. दुसरी म्हणजे, राज्याचा टप्पा मुंबईतील मंत्रालयातून होणार आहे की दिल्लीतील उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का घेऊन. हा दुसरा मार्ग दलालांना सोयीचा वाटतो. मात्र काही परदेशी कार्यालये आणि दूतावास दस्त ज्या राज्यात झाला त्याच राज्याचे साक्षांकन मागतात. पुण्याच्या हुकूमनाम्यासाठी महाराष्ट्राचाच शिक्का घ्या. प्रमाणित प्रत लॅमिनेट करू नका, कारण तिच्यावर शिक्का वा स्टिकर बसत नाही. अपोस्टिल लागल्यावर तिच्या पानांच्या टाचण्या काढू नका. स्कॅनिंगसाठी सुटे केलेले पान पाहिले की अधिकाऱ्याला शंका येते. स्टिकरवरील क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि दस्त परदेशी पाठवण्यापूर्वी तो जरूर तपासावा.

भाषेबद्दल सांगायचे तर नेदरलँड्समध्ये डच, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच भाषेतील दस्त चालतात. आपला हुकूमनामा इंग्रजीत असेल तर भाषांतराचा प्रश्नच नाही. परंतु महाराष्ट्रात, विशेषतः जिथे कौटुंबिक न्यायालय नाही आणि प्रकरण दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालले आहे तिथे, निकाल मराठीत असण्याची शक्यता असते. अशा वेळी मूळ मराठी प्रतीवर आधी अपोस्टिल घ्यावे आणि मग नेदरलँड्समधील शपथबद्ध भाषांतरकाराकडून किंवा नगरपालिकेला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडून भाषांतर करावे, म्हणजे शिक्के आणि अपोस्टिल यांचाही मजकूर त्यात येतो. आधी भाषांतर आणि मग शिक्के, असा उलटा क्रम झाला तर भाषांतर अपुरे ठरते व खर्च दुप्पट होतो.

आपल्यासारखाच प्रश्न इतर देशांतील मराठी मंडळींनाही पडतो, म्हणून फरक नोंदवते. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार येथील दस्तांना अपोस्टिल नव्हे, तर परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन आणि त्यावर त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. अमिरातीत पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचाही शिक्का घ्यावा लागतो. सौदी अरेबियात 7 डिसेंबर 2022 पासून आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून हेग करार लागू झाल्याने जुने सल्ले तेथे कालबाह्य झाले आहेत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पुनर्विवाहाचा परवाना काढताना परदेशी घटस्फोटाबाबत तेथील वकिलाचा लेखी अभिप्राय द्यावा लागतो, ज्याची सोय अपोस्टिलने होत नाही. जर्मनीने भारताच्या सहभागावर हरकत घेतलेली असल्याने तेथे केवळ अपोस्टिलच्या भरवशावर राहू नये. शिवाय परदेशी घटस्फोटाला तेथील राज्याच्या न्याय प्रशासनाकडून मान्यता घेण्याची स्वतंत्र प्रक्रिया आहे. गोव्यातील ज्या कुटुंबांच्या नोंदी पोर्तुगालमध्ये आहेत त्यांना भारतीय न्यायालयाचा घटस्फोट पोर्तुगालच्या अपील न्यायालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो, आणि त्याशिवाय तेथील नोंदीत ती व्यक्ती विवाहितच राहते.

एका बाबतीत मात्र कोणताही शिक्का मदत करू शकत नाही. स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या करून नोटरीपुढे केलेली सोडचिठ्ठी हा घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) मध्ये रूढीने मिळालेल्या घटस्फोटाला संरक्षण आहे. तथापि ती रूढी त्या समाजात अस्तित्वात असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि परदेशी कार्यालय त्या वादात पडत नाही. काडीमोड घेऊन वर्षे झाली, दोघांनीही संसार थाटले, आणि परदेशी नोंदणीच्या वेळी कागद नाही म्हणून अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची घालमेल फार मोठी असते. अशा व्यक्तींनी सोडचिठ्ठीचे अपोस्टिल करण्यात पैसे घालवू नयेत. रूढी खरोखर असेल तर सक्षम न्यायालयातून तसे जाहीर करून घ्यावे, नसेल तर रीतसर याचिका दाखल करावी.

आता वडिलांबद्दल. नकलेच्या अर्जासाठी पक्षकार म्हणून आपले सहीचे अधिकारपत्र, आपल्या पासपोर्टची प्रत आणि वडिलांचे ओळखपत्र सहसा पुरते. आपले पूर्वीचे वकील अजून वकालतनाम्यावर असतील तर तेही अर्ज करू शकतात. नाव दुरुस्तीचा अर्ज करायचा असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते आपण नेदरलँड्समध्ये भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्यापुढे, किंवा तेथील नोटरीपुढे करून त्यावर डच अपोस्टिल घेऊन पाठवू शकता. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे परदेशात झालेला असा दस्त राज्यात पहिल्यांदा पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

अपोस्टिलला स्वतःची कालमर्यादा नाही. तरी काही कार्यालये अलीकडच्या काही महिन्यांत काढलेली प्रतच मागतात. यासाठी नगरपालिकेला आजच विचारा आणि नकलेच्या अर्जात एकाऐवजी दोन संच मागा. एक संच अपोस्टिल करून आपल्याकडे पाठवावा आणि दुसरा पुण्यात वडिलांकडे ठेवावा. पासपोर्टवरील पती-पत्नीच्या नावाचा तपशील बदलताना किंवा मालमत्तेच्या कामात त्याची गरज पडते. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचा, मागच्या बाजूच्या शिक्क्यांसह, स्कॅन करून घ्यायला वडिलांना सांगा, आणि तो स्कॅन आधी नगरपालिकेला ईमेलने दाखवून मगच मूळ दस्त कुरिअरने रवाना करा.